किल्ली गेली, बटणं आली

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि हे मी तोंड वर करून सांगते. जुनी असले तरी टाकाऊ नाही. माझ्या टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी आहे आणि या गावातली निम्मी माणसं माझ्या क्लचवर पाय ठेवून मोठी झाली आहेत. आज जे लोक काचा वर करून ऐटीत जातात ना, त्यांनी कधीकाळी माझ्या स्टिअरिंगला मिठी मारून देवाचा धावा केलेला आहे. आता ओळख दाखवत नाहीत, ते जाऊ द्या. मला सगळ्यांचे घामेजलेले तळवे आठवतात.

माझा जन्म चारचौघींसारखाच कारखान्यात झाला. रंग पांढरा होता. आता त्याला पांढरा म्हणणं हा माणसांचा चांगुलपणा. पण माझं नशीब उघडलं ते बाईंनी मला घरी आणलं तेव्हा. बाई म्हणजे ड्रायव्हिंग क्लासच्या बाई. त्यांना आख्खं गाव बाईच म्हणतं. त्यांनी माझ्या शेजारच्या सीटपुढे जास्तीचा ब्रेक आणि जास्तीचा क्लच बसवून घेतला. शिकणाऱ्यानं चुकीचं दाबलं की बाई शेजारून बरोबर दाबायच्या. अशी जास्तीची पेडलं प्रत्येक घरात कुणा एकाकडे असतातच. बाईंनी ती उघड बसवली, एवढंच.

माझे विद्यार्थी तरी किती सांगू. एकानं मला रिव्हर्समध्ये टाकलं आणि डोळे फाडून पुढे बघत बसला. एका शाळामास्तरांनी सिग्नल हिरवा झाल्यावर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकले, त्यांना वाटलं आपलं कौतुक चाललंय, म्हणून त्यांनी खिडकीतून हात हलवला. आणि आमचे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना “घाबरू नका, काही होत नाही” म्हणणारा हा माणूस माझ्यात बसला की स्वतःचेच दात वाजवायचा. पण कुणी पास झालं की बाई आधी माझ्या बॉनेटवर थाप मारायच्या आणि मग त्याच्या पाठीवर. हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही.

आता दुखण्याकडे येते. चालू इंजिनाला पुन्हा किल्ली मारायची, हा शिकाऊ माणसाचा लाडका उद्योग. गर्रर्र असा आवाज येतो, तो गाडी दातओठ खात असते म्हणून. वर्षानुवर्षं हे झाल्यावर माझं किल्लीचं भोक पार झिजलं. किल्ली घालायची, जराशी उचलायची, अर्धा श्वास धरायचा आणि मनगटाला एक झटका द्यायचा, मग मी सुरू. हा झटका बाईंना झोपेतही जमायचा.

आणि बाई न्हाणीघरात घसरल्या. मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा त्या मनगटाला सगळं जमत होतं. स्टिअरिंग धरता येत होतं, गिअर टाकता येत होता, विद्यार्थ्याच्या खांद्यावर चापट मारता येत होती. फक्त काही पिळता येत नव्हतं. दुसऱ्या हाताला तो झटका काही केल्या साधेना. मग रोज सकाळी बाई फाटकात उभ्या राहायच्या आणि रस्त्यानं जाणाऱ्याला म्हणायच्या, “अहो, जरा किल्ली मारून देता का?”

कधी समोरचा लाँड्रीवाला यायचा, कधी पेपरवाला, एकदा तर देवळात निघालेल्या एक आजी आल्या. येणारा प्रत्येक जण हसून म्हणायचा, “बाई, आम्हाला तुम्हीच शिकवलंत की.” हे वाक्य ऐकताना बाईंचा चेहरा कसा व्हायचा ते फक्त माझ्या आरशात दिसायचं.

एका रविवारी बाईंची लेक आली. तिची गाडी इतकी नवी की सुरू आहे की बंद, हे तिला काट्याकडे बघूनच कळतं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, “आई, लोकांना किती दिवस हाका मारणार आहेस? क्लास बंद कर. हिला भंगारात दे.”

“आणि मी काय करू?”

“आराम.”

“तो मला येत नाही,” बाई म्हणाल्या. “कुणी शिकवलाच नाही.”

वर्षाची तपासणी तोंडावर आली होती. परिवहनचे साहेब गाडी बघणार, पास झाली तर क्लास चालू, नापास झाली तर पुढच्या फेरीपर्यंत तरी क्लासला कुलूप, आणि लेकीचं चाललं तर मी काट्यावर, किलोच्या भावानं. लेकीनं सांगून टाकलं, “ठीक आहे. तपासणीपर्यंत थांबते. नापास झाली की भंगारवाल्याला मी फोन करणार.”

“कर,” बाई म्हणाल्या. आवाज ठणठणीत होता. हात मात्र माझ्या बॉनेटवर होता, आणि तो थाप मारत नव्हता, नुसता ठेवलेला होता.

तेव्हा आमचे काका पुढे आले. काका म्हणजे बाईंचे यजमान. घरांचं वायरिंग करणारे वायरमन. गावातला कुठलाही दिवा लावा, त्याच्या बटणाशी काकांची जानपछान. ते म्हणाले, “किल्लीचं काय एवढं घेऊन बसलात? बटण बसवतो मी. बोट टेकवलं की गाडी सुरू. बटणाला काही पिळावं लागत नाही.”

“तुम्हाला गाडीचं काम येतं?” बाईंनी विचारलं.

“वीज ती वीज. ती घरात असली काय नि गाडीत असली काय.”

मित्रांनो, हे वाक्य कानावर पडलं की समजावं, आता आपलं काही खरं नाही.

खोकं आलं. आत बटण, एक काळी डबी, वायरींचा गुंता आणि बारीक अक्षरांचा एक कागद. काकांनी कागद घडी करून चहाच्या कपाखाली ठेवला. “वाचून वायरिंग करणारा वायरमन मी बघितला नाही,” म्हणाले. मग डॅशबोर्डखाली पाय वर आणि डोकं खाली अशा अवस्थेत ते माझ्यात शिरले आणि त्यांनी खिशातून टेस्टर काढला. घरच्या विजेला लावला की पोटातला दिवा पेटतो, तो हा स्क्रू-ड्रायव्हर. माझी बारा व्होल्टची वीज त्याच्या खिजगणतीतही नाही. काकांनी तो सगळीकडे लावून बघितला. दिवा कुठं पेटेना.

“हिच्यात करंटच नाही,” खालून आवाज आला.

“मग काल गावभर फिरली ती?” बाई म्हणाल्या.

“सवयीनं.”

करंट नाही म्हटल्यावर काकांनी बिनधास्त दोन वायरी एकत्र केल्या. फट् झालं. ठिणगी उडाली, माझा फ्यूज गेला आणि काकांचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं.

“करंट आहे,” काका म्हणाले. “टेस्टर खराब आहे.”

पुढची दुपार मी आयुष्यात विसरणार नाही. पहिल्यांदा बटण दाबलं तर वायपर फिरायला लागले. दुसऱ्यांदा दाबलं तर हॉर्न वाजायला लागला आणि थांबेना. गल्लीतली माणसं बाहेर आली. लाँड्रीवाल्यानं विचारलं, “काय झालं हो?” काका त्या आवाजावर ओरडले, “काही नाही, चाचणी आहे.” शेवटी बॅटरीची तार उपटली तेव्हा शांतता झाली. तिसऱ्यांदा दाबलं आणि मी सुरू झाले. न झटका, न गर्रर्र, अगदी गाण्यासारखी. बाईंनी स्वतःच्या अंगठ्यानं मला तीनदा बंद-चालू केलं आणि तिन्ही वेळा त्या हसल्या. खरं सांगते, तेवढ्यासाठी मी फ्यूज माफ केला.

इथंच थांबले असते तर ते काका कसले. त्यांच्या मनात एक गोष्ट शिरली. माझ्यात सगळं जोडीनं आहे. दोन क्लच, दोन ब्रेक. मग बटण एकच का? जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक बटण असतं, चढताना लावायचा, वर गेल्यावर बंद करायचा. झालं. काकांनी दुसरं बटण आणलं. आणि बटणं बसवली कुठं? तर डॅशबोर्डच्या दोन टोकांना, दोन्ही दारांना लागून. कारण घरात शिरल्यावर माणसाचा पहिला हात दाराशेजारी जातो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. माझ्यात शिरणाऱ्याचा आधी गुडघा येतो, हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

डबीतल्या एका वायरीचं पहिल्याच दुपारी काय झालं, तेही सांगते. ती ब्रेकची. ब्रेकवर पाय असेल तरच बटणानं गाडी सुरू व्हावी, म्हणून दिलेली. काकांनी ती उलटीसुलटी केली. “दिवा लावायच्या आधी कुणी ब्रेक दाबतं का?” असं म्हणून ती त्यांनी थेट बॅटरीच्या तारेला जोडून टाकली. म्हणजे मला कायम वाटावं, ब्रेक दाबलेलाच आहे. मित्रांनो, ज्याला कायम वाटतं की आपण थांबलेलो आहोत, त्याच्यासारखा धोकादायक प्राणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई एकट्या फाटकात आल्या. कुणाला हाक मारली नाही. बसल्या, बटण दाबलं, मी निघाले. काकांनी किल्ली काढून घरात खिळ्याला टांगून ठेवली होती, आता तिचं काय काम म्हणून. पण किल्ली काढली की माझं स्टिअरिंग कुलूपबंद होतं, हे चोरासाठी केलेलं असतं. बाईंनी फाटकाबाहेर वळायला स्टिअरिंग फिरवलं तर ते खट्‌ करून अडकलं. मी सरळ गेले. रस्ता ओलांडला आणि बाईंनी ब्रेक दाबेपर्यंत माझं नाक लाँड्रीच्या टेबलाला टेकलं.

लाँड्रीवाल्यानं इस्त्री उचलून बाजूला ठेवली. “बाई,” तो म्हणाला, “कपडे द्यायचे होते तर हाक मारायची.”

त्या दिवशी दुपारी काकांनी कुलपाची खीळच काढून टाकली. “आणि चोरानं नेली तर?” बाईंनी विचारलं. “हिला नेणारा चोर,” काका म्हणाले, “संध्याकाळी आपणहून परत आणून देईल.” हा माझा अपमान होता. मी लक्षात ठेवला.

मग क्लास सुरू झाला. डॉक्टर बटण दाबून मला सुरू करायचे, शेजारी बाई पर्स सावरायच्या, पर्स बटणाला लागायची, मी बंद. डॉक्टरांना वाटायचं आपलंच चुकलं. ते पुन्हा दाबायचे. बाई पाय सरळ करायच्या, मी पुन्हा बंद. एका सकाळी मी फाटकातच इतक्या वेळा सुरू आणि बंद झाले की मला उचकी लागल्यासारखं झालं. “होईल सवय,” काका म्हणाले. बाईंनी पर्स मागच्या सीटवर ठेवली आणि त्या आखडून बसायला शिकल्या. काकांना बोलल्या नाहीत. इतक्या दिवसांनी स्वतःच्या अंगठ्यानं गाडी सुरू होत होती, त्याला नाट लागू नये म्हणून गप्प राहिल्या असाव्यात.

आणि तपासणीचा दिवस आला.

साहेब उंच. माझ्यात बसले तर गुडघे डॅशबोर्डला भिडले. ते बाईंच्या जागी बसले, शिकाऊ हातात गाडी कशी चालते ते बघायचं म्हणून डॉक्टर चालवायला, बाई मागे. काका तपासणीच्या मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभे, लेक त्यांच्याशेजारी फोन हातात धरून. साहेब म्हणाले, “हं, चला डॉक्टर.”

डॉक्टरांनी मला सुरू केलं, पहिला गिअर टाकला, मी निघाले. छान निघाले होते. तेवढ्यात साहेबांनी सवयीनं पाय हलवला आणि त्यांचा गुडघा बटणाला लागला. मी बंद. डॉक्टर घाबरले. गिअर तसाच, क्लच सोडलेला, आणि त्यांनी आपलं बटण दाबलं. गिअरमध्ये असलेल्या गाडीला असं सुरू केलं की ती उडी मारते. मी मारली. साहेब दचकले, त्यांनी आपल्या बाजूच्या ब्रेकवर द्यायला पाय उचलला, तसा गुडघा वर आला आणि बटणाला लागला. मी बंद. डॉक्टरांनी पुन्हा दाबलं. मी पुन्हा उडी मारली. असं करत मी त्या मैदानातून बेडकासारखी गेले.

“डॉक्टर, पाय क्लचवर,” बाई मागून शांतपणे म्हणाल्या.

“कुठला पाय?” डॉक्टरांनी विचारलं.

वाळूच्या पोत्यांच्या ढिगात माझं तोंड गेलं तेव्हा प्रवास संपला. मग साहेबांनी केस नीट केले. “बाई, ही गाडी चालवतंय कोण? मी की डॉक्टर?”

“सध्या दोघंही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर ही गत झाली.”

साहेबांना गुडघ्याशी बटण सापडलं. तोवर काका धावत पोचले होते. “जिन्याची पद्धत आहे साहेब. खालून लावा, वरून बंद करा.”

“आणि मी खालचा की वरचा?” साहेबांनी विचारलं.

मग ते बाईंकडे वळले आणि त्यांचा आवाज उतरला. साहेबही माझ्यावरच शिकले होते. ते म्हणाले, “बाई, लोक बघताहेत. तुमचा क्लास आहे, तुमचं सगळं याच्यावर आहे, मला माहीत आहे. मी पास लिहितो. ते बटण नंतर काढून टाका.”

मित्रांनो, माझं आयुष्य त्या एका वाक्यानं वाचलं होतं. बाईंनी नुसतं “बरं” म्हणायचं होतं. लेक कडेला उभी होती, हातात फोन होता. बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि मग वाळूत तोंड खुपसलेल्या माझ्याकडे.

“नापास लिहा,” बाई म्हणाल्या.

“अहो बाई...”

“तुम्ही तयार नव्हता तेव्हा तुम्हाला परीक्षेला सोडलं होतं मी? रडला होतात ना? तरी सोडलं नव्हतं. आज ही तयार नाही. पुढच्या फेरीला आणते.”

साहेबांनी मान खाली घातली आणि नापास लिहिलं. लेक जवळ आली. “आई, ठरलं होतं आपलं.”

“ठरलं होतं,” बाई म्हणाल्या. “फोन लावायचा तर लाव. पण पुढच्या फेरीआधी त्याला फाटकात येऊ देणार नाही, हेही त्याला सांग.”

लेकीनं आईकडे नीट बघितलं. फोन खिशात ठेवला. “बापरे,” एवढंच म्हणाली. त्यात राग नव्हता.

घरी आल्यावर काका पक्कड घेऊन बटणं उपटायला निघाले होते. बाईंनी त्यांचा हात धरला. “उपटू नका. बसा.”

“कुठं?”

“चालवायच्या जागेवर.”

आता ही गंमत ऐका. संसार इतका झाला, क्लास इतका झाला, पण काका माझ्या त्या जागेवर कधी बसलेलेच नव्हते. कायम मागच्या सीटवर, शिडी आणि वायरीच्या वेटोळ्याबरोबर. “मला काय गरज? तू आहेस की,” असं म्हणायचे. बाईंनी गावाला शिकवलं, घरातला एक राहून गेला होता.

काका बसले. एकदम बारीक झाले. बाईंनी मुद्दाम गिअर टाकून ठेवला आणि म्हणाल्या, “करा सुरू.” काकांनी आपलंच बटण आपल्याच बोटानं दाबलं आणि मी फाटकाच्या दिशेनं अशी उडी मारली की त्यांचा चश्मा मागच्या सीटवर गेला. बाईंनी शेजारून ब्रेक दाबला. चोराबद्दल बोलले होते ना, त्याची मी व्याजासकट परतफेड केली.

काकांनी मागे हात घालून चश्मा शोधला. मग हळूच म्हणाले, “म्हणजे हिला आधी विचारायला पाहिजे. अगं, तू थांबलेली आहेस ना, असं.”

“त्यालाच ब्रेक म्हणतात,” बाई म्हणाल्या.

“दिव्याला असं काही विचारावं लागत नाही.”

“दिवा कुठं जात नाही, अहो.”

त्यानंतर काकांनी जे काम केलं ते मी कुणालाही दाखवायला तयार आहे. दाराशेजारची दोन्ही बटणं निघाली. स्टिअरिंगशेजारी एकच बटण बसलं, गुडघा पोचणार नाही आणि अंगठा सहज पोचेल अशा जागी. ही जागा ठरवायला काका स्वतः त्या सीटवर बसायचे, बाईंना बसवायचे, पुन्हा स्वतः बसायचे. ब्रेकची वायर खऱ्या ब्रेकला गेली. क्लचलाही एक छोटा स्विच लागला, तो दाबल्याशिवाय मी ढिम्म हलणार नाही. स्टिअरिंगच्या कुलपाची खीळ मात्र गेली ती गेली, पण गाडी उभी केली की लावायला बाईंनी एक दांडीचं कुलूप आणलं. ते पिळावं लागत नाही, नुसतं दाबलं की बसतं. आणि प्रत्येक जोड काकांनी दोनदा तपासला, या वेळी बारा व्होल्टला पेटणाऱ्या छोट्या दिव्यानं. काम चालू असताना ते माझ्याशी बोलायचे. “इथं दुखतंय का? थांब हं.” इतकी वर्षं मी त्या घरात होते, मला कुणी असं विचारलं नव्हतं.

पुढच्या फेरीला साहेब आले. त्यांनी गुडघे कुठंकुठं लावून बघितले. काही झालं नाही. ब्रेक न दाबता बटण दाबून बघितलं. मी गप्प. गिअरमध्ये टाकून दाबून बघितलं. मी गप्प. मग ते उतरले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही चालवा.”

बाई बसल्या. पाय ब्रेकवर, पाय क्लचवर, मोडलेल्या हाताचा अंगठा बटणावर. मी सुरू झाले आणि त्या आख्ख्या मैदानाला फेरी मारून जिथून निघालो तिथं येऊन थांबले. साहेबांनी पास लिहिलं. लेकीनं आईच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “मला एकदा चालवू देशील?” बाई म्हणाल्या, “आधी आरसे नीट कर.”

आता मी रोज सकाळी बाहेर पडते. बाई कुणाला हाक मारत नाहीत. डॉक्टर पास झाले. काका अजून शिकताहेत. परीक्षेला कधी पाठवणार असं त्यांनी विचारलं की बाई म्हणतात, “तयार झालात की.”

तर मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं जुनं काहीतरी असेल. शिलाई मशीन असेल, पंखा असेल, सायकल असेल, नाहीतर एखादं माणूस असेल. ते कुरकुरायला लागलं की लगेच भंगारवाल्याला फोन करू नका आणि हौसेनं दोन बटणंही ठोकू नका. नवं जरूर बसवा. आम्हाला नव्याचं वावडं नाही, उलट ऐट करायला आवडतं. फक्त त्याआधी एकदा त्याच्या जागेवर बसून बघा, ते कसं चालतं, कुठं अडतं, कशानं दचकतं. मग हात लावा.

आणि माझ्यात बसलात तर आधी पाय ब्रेकवर. बटण दाबलंत की मी तुमचं ऐकेन, पण बाई शेजारी आहेत, एवढं विसरू नका.